अंथरुणाला खिळलेले माजी सैनिक आणि घरची शुश्रूषा : सरकारकडे नक्की काय मागायचं?

कृष्णाकाठ | 1 डिसेंबर 2025, रात्री 11.40

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणता वर्ष गेलं. आज बसलेच.

माझे वडील, आम्ही अप्पा म्हणतो, मराठा लाइट इन्फंट्रीतून 1983 साली नाईक म्हणून निवृत्त झाले. जंगी पलटण. 1971 ला जमालपूरच्या लढाईत होते. आता वय 79. पंधरा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं. घर सातारा जिल्ह्यात, तालुक्यापासून वीस किलोमीटर आत.

दवाखान्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड दाखवलं, अठरा दिवस ॲडमिट होते, त्यातले सात आयसीयूत. खिशातून रुपया गेला नाही. एकोणिसाव्या दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात आलं. त्यावर औषधांच्या खाली शेवटची ओळ होती : दर दोन तासांनी कूस बदलणे.

त्या एका ओळीवर आमचं घर पंधरा महिने चाललंय. अप्पांचं वजन 68 किलो, आईचं वय 72. अंगाखाली आडवी चादर घालायची, एकीने खांदा धरायचा, दुसरीने कंबर, आणि चादरीसकट ओढून कुशीवर घ्यायचं. पाठीला उशी, दोन गुडघ्यांत उशी, टाच अधांतरी. मी दिवसा पतसंस्थेत नोकरी करते, म्हणून दिवसापुरता गावातला एक माणूस ठेवलाय. 600 रुपये रोज, म्हणजे महिन्याला अठरा हजार. डायपर, लघवीची पिशवी, गॉज, मलम यांचे सहा-सात हजार वेगळे. अप्पांची पेन्शन हातात येते तीस हजारांच्या आसपास. रात्र आम्हा मायलेकींची.

रात्री दोनला गजर होतो. दिवा लावला की अप्पा डावा हात हळूहळू कपाळापर्यंत नेतात. पहिले काही दिवस मला कळेना. मग आईने सांगितलं, पलटणीत पहाऱ्याची ड्यूटी दोन-दोन तासांची असायची, बदली आली की सलाम करून जागा सोडायची. त्यांच्या लेखी मी बदलीचा जवान आहे.

मदतनिसासाठी काही भत्ता मिळतो का म्हणून चौकशी केली, तर "तो अपंगत्व पेन्शनवाल्यांना" असं उत्तर मिळालं. 7 तारखेला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. आठवा वेतन आयोगही नुकताच नेमलाय. आमच्या भागात घराआड एक फौजी आहे, आणि त्यातले किती घरात पडून आहेत हे मी फिरून पाहिलंय. मला वाटतं घरची शुश्रूषा हा उपचाराचाच भाग धरून तिला सरकारने वेगळा निधी द्यायला हवा. पण मागणी नेमकी कशी मांडायची, कुणापुढे मांडायची? अनुभव असलेल्यांनी सांगा.

---

निवृत्त_सुभेदार | 2 डिसेंबर, सकाळी 6.15

ताई, अप्पासाहेबांना माझा जय हिंद सांगा. जंगी पलटणचा माणूस आहे, रात्री दोनला सलाम करणारच.

तुम्ही ज्याची चौकशी केलीत त्याला कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स म्हणतात. सातव्या वेतन आयोगानंतर, 1 जुलै 2017 पासून तो महिना 4,500 वरून 6,750 रुपये झाला, आणि महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की तो 25 टक्क्यांनी वाढतो. पण अट कडक आहे. अपंगत्व 100 टक्के पाहिजे, ते सेवेमुळे आलेलं किंवा सेवेत बळावलेलं पाहिजे आणि सतत माणूस लागतो असं मेडिकल बोर्डाने लिहून दिलं पाहिजे. तुमच्या वडिलांना झटका आला निवृत्तीनंतर 41 वर्षांनी. त्यामुळे ते त्या चौकटीत बसत नाहीत.

दुसरं, केंद्रीय सैनिक बोर्डाकडून गरिबी अनुदान मिळतं. ते 1 नोव्हेंबर 2025 पासून महिना 4,000 चं 8,000 केलंय. चांगलं झालं, पण ते 65 वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि विधवांना आहे. तुम्हाला पेन्शन आहे, म्हणजे तेही नाही.

तिसरं, 80 पूर्ण झाली की मूळ पेन्शन 20 टक्क्यांनी वाढते, 85 ला 30, 90 ला 40. जन्मतारीख स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर बरोबर आहे ना हे आत्ताच बघून ठेवा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि आधार या तिन्हींत तारीख वेगळी असली की फार खेटे पडतात. माझ्या ओळखीच्या एका हवालदारांचं वर्ष त्यात गेलं.

---

सरळसोट | 2 डिसेंबर, सकाळी 9.02

कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं घाटात गाडी चालवली. तेही अंथरुणावर होते, आम्हीही कूस बदलली. त्यांना ना ईसीएचएस होतं, ना कॅन्टीन. मग शुश्रूषेचा निधी फक्त सैनिकांनाच का? ऊसतोड कामगाराला का नाही? मागायचंच तर सगळ्या म्हाताऱ्यांसाठी मागा.

---

बंड्या_कोल्हापूर | 2 डिसेंबर, सकाळी 9.30

सरळसोटराव, मुद्दा बरोबर हाय, पण सगळ्यांसाठी एकदम मागितलं की कुणालाच मिळत न्हाई, ह्यो आमचा गावातला अनुभव. एका गल्लीत नळ आला की दुसरी गल्ली आपसूक ओरडाय लागती. पैला नळ तर येऊ द्या.

---

सुमनकाकू | 2 डिसेंबर, दुपारी 2.48

मला टायपिंग सावकाश जमतं, सांभाळून घ्या.

आमचे हे लष्कराच्या सिग्नल्समध्ये होते. पार्किन्सन्सने सहा वर्षं अंथरुणावर, 2019 ला गेले. मुलगा दुबईला, मुलगी नागपूरला. दोघांनी पैसे पाठवले, सुटी मिळाली की आले, त्यांना बोल नाही. पण रोजचं सगळं मीच केलं. अंघोळ, जेवण, नाकातली नळी लागल्यावर दर तीन तासांनी पातळ करून भरवणं. एकदा त्यांना खुर्चीवरून उचलताना माझ्या कमरेत जे भरलं ते आजतागायत आहे. मणक्याचं ऑपरेशन झालं माझं, तेही ईसीएचएसवरच. डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्ही वजनं उचलायचं काम करत होता का? मी म्हटलं, हो, 74 किलो, सहा वर्षं.

सरकारने माझ्या ऑपरेशनचा खर्च केला. त्याच्या चौथ्या हिश्शात सकाळी दोन तास उचलायला एक माणूस दिला असता, तर ऑपरेशन करावंच लागलं नसतं. एवढंच सांगायचं होतं.

---

कृष्णाकाठ | 2 डिसेंबर, रात्री 10.20

काकू, तुमचं वाचून आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. नंतर स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "त्यांना विचार, कमरेला काय बांधतात?"

सुभेदार साहेब, मनापासून आभार. स्पर्शवर तारीख तपासली, बरोबर आहे. मार्चमध्ये 80 पूर्ण होतील.

सरळसोट, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा प्रश्न मी टाळणार नाही, विचार करून लिहिते.

काकूंच्या हिशोबाला माझा हिशोब जोडते. पंधरा महिन्यांत अप्पा तीनदा पुन्हा ॲडमिट झाले. एकदा छातीत कफ होऊन, दोनदा माकडहाडावरची जखम चिघळून. दुसऱ्या वेळी जखमेत माझं बोट पेराएवढं आत जात होतं. त्या एका खेपेचं बिल एक लाख ऐंशी हजारांच्या घरात होतं, सगळं योजनेतून गेलं. त्या पैशांत आमचा दिवसाचा माणूस दहा महिने राहिला असता. आणि जखम झाली कशाने? त्या आठवड्यात आईला ताप होता, मी मार्चएंडच्या कामात अडकले होते आणि दिवसाचा माणूस चार दिवस यात्रेला गेला होता.

---

लेखाधिकारी | 3 डिसेंबर, सकाळी 10.55

आयुष्यभर सरकारी हिशोब तपासले, म्हणून त्या बाजूने लिहितो.

2025-26 च्या अर्थसंकल्पात ईसीएचएसला 8,317 कोटी आहेत. आधीच्या वर्षी 6,968 कोटी होते, म्हणजे वाढ 19 टक्क्यांच्या वर आहे. संरक्षण पेन्शन 1,60,795 कोटी. त्यामुळे "सरकार काहीच देत नाही" या सुरात निवेदन लिहू नका, पहिल्याच टेबलावर ते बाजूला पडेल.

अडचण पैसा कुठल्या वाटेने जातो यात आहे. ईसीएचएस 1 एप्रिल 2003 ला सुरू झाली ती केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएसच्या धर्तीवर. योजनेचं पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, योजनेच्या यादीतलं रुग्णालय, बिल. रुग्ण रुग्णालयाच्या दारात गेला तरच पैसा सुटतो. घरात माणूस ठेवला, तर त्याचं बिल कुठल्या रकान्यात बसवायचं हे कारकुनाला ठाऊक नसतं, कारण तसा रकानाच नाही. आणि आहे त्या रकमेत रुग्णालयांचीच बिलं थकतात, तर घरच्या शुश्रूषेला उरणार काय?

म्हणून माझं मत : "वाढीव निधी द्या" असं मोघम मागू नका. घरच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात खर्चाचा वेगळा रकाना मागा. एकदा लेखाशीर्ष उघडलं की त्यात पहिल्या वर्षी दहा रुपये टाकले तरी चालतील. पुढच्या वर्षी खर्च किती झाला हे विचारावं लागतं, संसदेत त्यावर प्रश्न येतो. लेखाशीर्ष नसलेली गरज कागदावर दिसतच नाही.

---

फिजिओ_नगर | 3 डिसेंबर, दुपारी 1.10

अहिल्यानगरला मी घरी जाऊन फिजिओथेरपी करतो. माझ्याकडे निम्मे पेशंट माजी सैनिक किंवा त्यांच्या पत्नी. अर्धांगानंतर पहिले तीन ते सहा महिने सोन्याचे. त्या काळात रोज व्यायाम झाला तर बरेच लोक निदान आधाराने बसते होतात. पण नेमकं त्याच काळात पेशंटला गाडीत घालून पन्नास किलोमीटर न्यायचं म्हणजे रिक्षावाला, दोन माणसं, दिवसाचा खाडा. दोन खेपा होतात, तिसरीला घरचे म्हणतात, जाऊ दे आता.

कृष्णाकाठ, जखमेबद्दल. पूर्ण कुशीवर झोपवू नका, तीसेक अंश कलते ठेवा, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. लाल झालेला भाग चोळायचा नाही, त्याने आतली कातडी आणखी सुटते. एअर बेड आहे का?

---

कृष्णाकाठ | 3 डिसेंबर, दुपारी 1.35

आहे, पण महिन्यात दोनदा पंक्चर होतो. दुकानदार म्हणतो नवीन घ्या.

---

बंड्या_कोल्हापूर | 3 डिसेंबर, दुपारी 1.50

ताई, नवीन घिऊ नका. सायकलवाल्याकडं जावा. पॉलिश पेपरनं हलकं घासायचं, सोल्युशन लावायचं, पाच मिंटं वाळू द्यायचं, मग पॅच. माझ्या चुलत्याचा बेड असाच तीन वरीस चालवला. चुलते आर्टिलरीतले. पंक्चर काढताना आत हवा भरून पाण्यात बुडबुडे बघाय सांगायचे आणि बुडबुडा दिसला की "टार्गेट!" म्हणून वरडायचे. आख्खी गल्ली हसायची, पैले चुलते.

---

निवृत्त_सुभेदार | 3 डिसेंबर, दुपारी 2.05

हा हा. तोफखान्यातला माणूस, दुसरं काय म्हणणार!

---

खडकीकर | 3 डिसेंबर, संध्याकाळी 7.22

पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक होम आहे, 1974 पासून. पाठीचा कणा दुखावून कमरेखालचं किंवा मानेखालचं अंग गेलेले जवान तिथे राहतात. मी कॉलेजात असल्यापासून तिथे जातो. कुणी व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतं, कुणी तोंडात ब्रश धरून चित्रं काढतं. पुण्यातच 1944 पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तर पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी 1917 ला सुरू झालं. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि 1972 च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले.

हे सगळं सांगतोय कारण जखमी जवानाला सांभाळण्याची पद्धत आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे. नीट काळजी मिळाली तर माणूस काय करू शकतो हे आपण पाहिलंय. अशी आणखी होम्स जिल्ह्याजिल्ह्यात काढा अशी मागणी का करू नये?

---

सुमनकाकू | 3 डिसेंबर, रात्री 8.40

खडकीकर, होम चांगलंच. पण विशी-पंचविशीत जायबंदी झालेला मुलगा आणि ऐंशीचा म्हातारा यांच्यात फरक आहे. आमच्या ह्यांनी सतरा वर्षं बराकीत काढली. शेवटी त्यांना आपलं अंगण हवं होतं. खाटेवरून पारिजातक दिसायचा, तेवढ्यावर दिवस जायचा. त्यांना मी कुठल्याही होममध्ये पाठवलं नसतं, फुकट असतं तरी.

---

मिशिगनची_मेघा | 4 डिसेंबर, पहाटे 5.05

मी इथे अमेरिकेत होम हेल्थ नर्स आहे, माझे बरेच रुग्ण व्हिएतनाम युद्धातले. इथला अनुभव सांगते, कदाचित उपयोगी पडेल.

इथे माजी सैनिकांच्या खात्याकडून घरी मदतनीस मिळतो. अंघोळ, कपडे, जेवण यासाठी आठवड्याला ठरलेले तास, ज्याला गरज आहे असं डॉक्टरांचं मत पडेल त्याला. त्याशिवाय घरच्या काळजीवाहकाला दरमहा मानधन देणारी योजना आहे. पत्नी असो, मुलगी असो, तिला प्रशिक्षण मिळतं, आरोग्य विमा मिळू शकतो आणि वर्षाला काही दिवस सुटी, म्हणजे तेवढे दिवस दुसरा माणूस येतो.

पण हे आपसूक मिळालेलं नाही. कायदा झाला 2010 मध्ये, पैसे सुरू झाले 2011 ला, तेही फक्त 11 सप्टेंबर 2001 नंतर जखमी झालेल्यांसाठी. व्हिएतनामवाल्यांच्या बायका विचारायच्या, आमच्या नवऱ्याची जखम जुनी म्हणून कमी का? त्यांना 2020 उजाडावं लागलं, आणि मधल्या काळातल्यांना 2022. त्या बायका दहा वर्षं खासदारांच्या ऑफिसात जाऊन बसल्या. मानधनाला इथेही सेवेत आलेल्या अपंगत्वाची अट आहे, 70 टक्क्यांची. म्हणजे तुमच्या अप्पांना ते मानधन इथेही मिळालं नसतं, पण मदतनिसाचे तास मिळाले असते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात, हे मला महत्त्वाचं वाटतं. भत्ता हा जखमेचा मोबदला असतो, मदतनीस ही आजची गरज.

यंदा जानेवारीत आणखी एक कायदा झाला. आधी घरच्या सेवेवरचा खर्च नर्सिंग होमच्या खर्चाच्या 65 टक्क्यांपर्यंतच करता यायचा, ती मर्यादा आता 100 टक्क्यांवर नेलीय. माझ्या एका रुग्णाच्या बायकोने ती बातमी कापून फ्रिजवर लावलीय.

---

सरळसोट | 4 डिसेंबर, सकाळी 8.50

मेघाताईंनी भत्ता आणि मदतनीस वेगळे केले हे पटलं. रोख पैसे नकोत असं मलाही वाटतं. आमच्या शेजारी एका निवृत्त जवानाची पेन्शन मुलगा परस्पर काढतो आणि म्हातारा मळक्या गोधडीवर पडलेला असतो. तिथे आणखी सहा हजार दिले तर तेही मुलाच्याच खिशात जाणार. माणूस पाठवा. माणूस दारात आला की गोधडी निदान कुणीतरी बघेल.

---

रानजाई | 4 डिसेंबर, सकाळी 11.15

सरळसोट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. मी काही वर्षं केरळमध्ये पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दीर्घ आजारी रुग्णांचा त्रास कमी करण्याच्या कामात होते. तिथे 2008 मध्येच राज्याचं धोरण झालं. पंचायतीच्या नर्सबाई अंथरुणावरच्या रुग्णांच्या घरी जातात, कॅथेटर बदलतात, जखम बांधतात, घरच्या बाईला शिकवतात. बरोबर गावातले स्वयंसेवक असतात. रुग्ण कोण, कुठल्या नोकरीतला, हे कुणी विचारत नाही. काळजी घेणाऱ्या माणसाला आश्वासकिरणम नावाच्या योजनेतून महिना 600 रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण काळजी घेणं हे काम आहे असं सरकारने मान्य केलं.

म्हणजे सगळ्यांसाठी करता येतं, आपल्याच देशात केलंय. आता महाराष्ट्रात सुरुवात कुठून करायची? माजी सैनिकांची नोंद आहे, जिल्हावार कार्यालय आहे, पॉलिक्लिनिक आहे, कार्ड आहे. घरी जाणारी नर्स या यंत्रणेतून आधी सुरू झाली, तर पुढे तीच घडी जिल्हा परिषदेला उचलता येईल. सत्तरच्या वरच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं संरक्षण 2024 पासून आहे, पण तेही रुग्णालयात दाखल झाल्यावरच. तुमच्या वडिलांची आणि अप्पांची अडचण एकच होती.

---

सरळसोट | 4 डिसेंबर, सकाळी 11.40

पटलं. माझी सही धरा.

---

निवृत्त_सुभेदार | 4 डिसेंबर, संध्याकाळी 6.30

माणूस पाठवा म्हणताय, तर माणूस कुठून आणायचा ते मी सांगतो.

आर्मी मेडिकल कोअरचे (एएमसी) नर्सिंग असिस्टंट दरवर्षी निवृत्त होतात. चाळिशीतले, धडधाकट. सुई, सलाईन, कॅथेटर, जखम बांधणं, स्ट्रेचर उचलणं, सगळं हाताखालचं. गावी येऊन काय करतात? एटीएमच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. माझ्याच बरोबरचा एक जण, कारगिलच्या वेळी फील्ड हॉस्पिटलला होता, आज एका सोसायटीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहितो. काम इज्जतीचं आहे, पण त्याच्या हातातली विद्या वाया चाललीय हे बघवत नाही.

आपल्याकडे माजी सैनिक महामंडळ आहे, मेस्को, 2002 पासून. ते माजी सैनिकांना सुरक्षारक्षक म्हणून कामाला लावतं. तीच यंत्रणा घरी जाणारे शुश्रूषक का पुरवणार नाही? पगार ईसीएचएसच्या त्या नव्या लेखाशीर्षातून, नेमणूक तालुक्याला दोन, देखरेख पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांची. म्हाताऱ्या जवानाच्या घरी फौजीच गेला तर बोलायलाही माणूस मिळेल. महिला रुग्णांसाठी मिलिटरी नर्सिंगमधल्या निवृत्त भगिनी किंवा प्रशिक्षित वीरपत्नी.

आणि डॉक्टरांसाठी सेहत ओपीडी आहे, 2021 पासून, व्हिडिओवर सल्ला मिळतो. ताई, तुम्ही वापरता का? शुश्रूषकाच्या हातात फोन असला तर जखम थेट डॉक्टरला दाखवता येईल.

---

कृष्णाकाठ | 4 डिसेंबर, रात्री 11.05

साहेब, सेहत ओपीडी दोनदा वापरली. डॉक्टर चांगलं बोलले. आमच्या घरात रेंज फक्त माडीवर येते, आणि अप्पा खाली. मी माडीवरून धावत खाली, खालून वर. तरी औषध बदलून मिळालं.

तुमची एएमसीची कल्पना मी आईला सांगितली. ती पटकन म्हणाली, "गडीमाणूस असेल तर तुझे अप्पा अंघोळीला लाजणार नाहीत." पंधरा महिन्यांत ही गोष्ट आम्हा दोघींपैकी कुणी बोललं नव्हतं. मी अंघोळ घालते तेव्हा ते डोळे मिटून घेतात.

---

धाकटा_भाऊ | 5 डिसेंबर, दुपारी 12.20

इथे पहिल्यांदाच लिहितोय. माझा भाऊ अग्निवीर आहे, पहिल्या तुकडीतला. चार वर्षं पुढच्या वर्षाअखेर संपतील. कायम झाला नाही तर पेन्शन नाही, ईसीएचएसही नाही. तुमच्या मागणीत "ईसीएचएस सदस्य" असंच लिहिलं तर तो आणि त्याच्यासारखे आपोआप बाहेर राहतील. साठीनंतर त्यांनाही कूस बदलायला माणूस लागेलच की.

---

लेखाधिकारी | 5 डिसेंबर, दुपारी 1.05

धाकटा_भाऊ, योग्य वेळी बोललात. पेन्शनीआधी घरी आलेल्या जुन्या जवानांचंही तेच आहे. अल्प सेवा अधिकारी आणि दुसऱ्या महायुद्धातले सैनिक यांना 2019 मध्ये ईसीएचएसमध्ये घेतलं, म्हणजे व्याख्या रुंद करता येते याला दाखला आहे. निवेदनात "माजी सैनिक" एवढाच शब्द ठेवा, आणि अग्निवीरांचा उल्लेख वेगळ्या वाक्यात करा.

---

कृष्णाकाठ | 5 डिसेंबर, रात्री 11.50

सगळ्यांचं एकत्र करून मसुदा लिहिलाय. थोडक्यात सांगते, चुकलं तर सांगा.

पहिली मागणी माणसाची : अंथरुणावरच्या प्रत्येक माजी सैनिकाच्या किंवा त्याच्या विधवेच्या घरी आठवड्याला ठरलेले तास प्रशिक्षित शुश्रूषक यावा, अपंगत्व सेवेतलं की म्हातारपणाचं हे न विचारता. एएमसीच्या निवृत्तांमधून नेमणुका. त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष. घरी फिजिओथेरपी, निदान झटक्यानंतरचे सहा महिने. डायपर, कॅथेटर, एअर बेड हे औषधांसारखेच पॉलिक्लिनिकमधून मिळावेत. घरच्या काळजीवाहक बाईला वर्षातून काही दिवस बदली माणूस. हे मी काकूंच्या कमरेसाठी घातलंय. आणि अटेंडन्स अलाउन्सचा मुद्दा वेतन आयोगाकडे वेगळा : 100 टक्क्यांची अट शिथिल करून 80 टक्क्यांपासून द्यावा. अग्निवीरांचं वाक्य शेवटी आहे.

एक विचारायचंय. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावाने पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावले, तिथे त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. अशा गावांच्या ग्रामसभांचे ठराव जोडले तर वजन येईल का?

---

निवृत्त_सुभेदार | 6 डिसेंबर, सकाळी 6.05

नक्कीच येईल. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत माझे व्याही आहेत, तिथला ठराव मी मिळवतो. वाट अशी धरा : एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांकडे, ती पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडून केंद्रीय सैनिक बोर्डाला जाते. दुसरी थेट खासदारांकडे, सोबत एका पानाचा प्रश्न तयार करून द्या, म्हणजे त्यांना लिहायला लागणार नाही. तिसरी वेतन आयोगाकडे. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय कागद देऊ नका, हे माझं ऐका.

---

रानजाई | 6 डिसेंबर, सकाळी 9.40

लोकसभेच्या याचिका समितीकडेही एक प्रत पाठवता येईल. आणि निवेदनात अंथरुणावरच्या जवानांची तालुक्यातली मोजदाद जोडा. नावं नकोत, फक्त वय, आजार, घरात काळजी घेणारं कोण आणि तिचं वय. "तिचं" मुद्दाम लिहिलं.

---

कृष्णाकाठ | 8 डिसेंबर, पहाटे 4.20

काल ध्वजदिनाच्या कार्यक्रमात तीन मिनिटं मिळाली. मी भाषण लिहून नेलं होतं, पण आयत्या वेळी डिस्चार्ज कार्डच वाचलं, ती शेवटची ओळ. मग मोजदाद सांगितली : आमच्या आसपासच्या नऊ गावांत अंथरुणावरचे 31 माजी सैनिक आणि विधवा. काळजी घेणाऱ्या 26 बायका, त्यातल्या 14 साठीच्या पुढच्या. पुढच्या रांगेतल्या एका साहेबांनी वही काढून आकडे लिहून घेतले. निवेदन दिलं, आवक क्रमांक घेतला. आमच्या गावचा ठराव 15 तारखेच्या ग्रामसभेत आहे.

सुभेदार साहेब, एक राहिलं. मूळ पीपीओ जीर्ण झालाय, घडीवर फाटलाय. मोजदादीला जोडायला झेरॉक्स चालेल का?

---

निवृत्त_सुभेदार | 8 डिसेंबर, सकाळी 6.00

चालेल. मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका. स्पर्शवरून नवा ई-पीपीओ काढून ठेवा, मार्चमध्ये 80 च्या वाढीला लागेलच. आणि काकूंना विचारून आईसाहेबांना तो कमरेचा पट्टा घ्या.

---

सुमनकाकू | 8 डिसेंबर, सकाळी 10.12

रुंद पट्टा घ्या, आठ इंची, पाठीला पट्ट्या असलेला. झोपताना काढायचा. माप सांगा, माझ्याकडे एक नवा कोरा आहे, पोस्टाने पाठवते.